म्हाताऱ्या मांजराची रेती

एका वाचकभगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. घरांत चौदा वर्षांचें मांजर. इतकीं वर्षें त्यानें आपल्या रेतीच्या ट्रेखेरीज दुसरीकडे कोठेंहि विधि केला नाहीं. गेल्या दोन महिन्यांपासून मात्र तें जाजमावर, धुतलेल्या कपड्यांच्या ढिगावर, आणि एकदां तर देवघरासमोरच्या चटईवर लघवी करून मोकळें झालें. सासूबाईंनीं निक्षून सांगितलें आहे कीं, नवरात्राच्या आंत त्याची कोठें तरी व्यवस्था लावा. थोरले दीर तें पोत्यांत घालून नदीपलीकडे सोडून येण्यास सिद्ध आहेत. आतां काय करावें, असा बाईंचा प्रश्न आहे.

प्रथम त्या पोत्याविषयीं. चौदा वर्षें माणसांत राहिलेलें मांजर नदीपलीकडे फार दिवस तग धरीत नाहीं. शिकार त्याला साधत नाहीं आणि कुत्र्यांपुढें पळण्याचें बळ पायांत उरलेलें नसतें. शिवाय, उपासमारीनें वा तहानेनें यातना होतील अशा स्थितींत प्राण्यास सबळ कारणावांचून टाकून देणें हा १९६० च्या प्राणिक्लेशप्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमान्वयें अपराध आहे. दीरांस हें सौम्य शब्दांत, परंतु सांगावेंच. सासूबाईंची गोष्ट निराळी. देवापुढची जागा शुद्ध असावी हा त्यांचा आग्रह योग्य आहे. मात्र त्यासाठीं मांजर हांकलण्याचें कारण नाहीं. देवघरास दार असेल तर तें लावावें, नसेल तर पूजा आटोपतांच चटई उचलून ठेवावी. मांजराला मऊ जागा लागते. उघड्या फरशीचें त्याला तितकेंसें आकर्षण नसतें.

मांजर हा शब्द संस्कृत 'मार्जार' यापासून आला, आणि मार्जार शब्द वैयाकरण 'मृज्' म्हणजे पुसणें, स्वच्छ करणें, या धातूपासून साधतात. तथापि त्याच संस्कृतानें दांभिकास बैडालव्रती म्हटलें, आणि हितोपदेशांतल्या दीर्घकर्णानें आपलें पाप म्हाताऱ्या गिधाडाच्या माथीं मारून साऱ्या जातीची अब्रू घालविली. त्यामुळें गादी ओली दिसली कीं "मुद्दाम केलें, सूड उगवला" असें म्हणण्यास घरांतला प्रत्येकजण तयार. ही सूडाची कल्पना सोडून द्यावी. जन्मतःच माती उकरून झांकणारा प्राणी वार्धक्यांत ती संवय मोडतो, तेव्हां त्याचें कांहीं तरी दुखत असतें, किंवा त्याला कशाची तरी धास्ती बसलेली असते, पुष्कळदां दोन्ही.

म्हणून पहिली फेरी पशुवैद्याकडे. मूत्रपिंडाचा जुनाट विकार, मधुमेह, थायरॉइड ग्रंथीचा अतिरेक हे वृद्ध मांजरांचे नित्याचे रोग; तिहींतहि तहान वाढते आणि लघवीहि वाढते. पूर्वीं दिवसभर पुरणारी रेती मग दुपारपर्यंतच चिंब होते, आणि स्वच्छतेची आवड असलेलें तें मांजर तिच्यांत पाय घालीत नाहीं. रक्ताच्या व लघवीच्या तपासणीनें याचा उलगडा होतो. दुसरें कारण सांध्यांचें. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत बारा वर्षांवरील १०० मांजरांचीं क्ष-किरणचित्रें तपासलीं, तेव्हां ९० मांजरांच्या सांध्यांत वा कण्यांत झीज दिसून आली. मांजर लंगडत नाहीं, कण्हत नाहीं. तें फक्त खिडकीवर उडी मारणें सोडतें आणि पाठीवरचे केस चाटणें टाळतें, एवढेंच. उंच काठाच्या ट्रेमध्यें चढतांना कळ आली कीं त्या ट्रेचाच त्याला तिटकारा येतो. बोका असेल, आणि वारंवार बसूनहि थेंब पडत नसेल, तर सकाळची वाट पाहूं नये. मूत्रमार्ग बंद झाल्यास एकदोन दिवसांत प्राण जातो.

आतां घरांतली व्यवस्था. आमच्याकडे बहुधा ट्रे न्हाणीघरांत ठेवतात. आणि एकत्र कुटुंबांत पहांटे पांचापासून नऊपर्यंत त्या दाराला आंतून कडी! बिचाऱ्यानें जावें कोठें? कित्येक घरीं तो सज्जांत असतो, आणि सज्जाचें दार रात्रीं बंद. घरांत जितकीं मांजरें, त्यांहून एक ट्रे अधिक, आणि ते निरनिराळ्या ठिकाणीं, हा नियम धरावा. ट्रे मांजराच्या अंगाच्या दीडपट लांब असावा, व त्याचा एका बाजूचा काठ दोनतीन इंचांपर्यंत कापून काढावा. रेती बारीक व बिनवासाची घ्यावी. सुगंध माणसांसाठीं असतो. दिवसांतून दोनदां ती उपसावी. गुळगुळीत फरशीवरून ट्रेपर्यंत जुनें गोणपाट अंथरलें तर म्हाताऱ्या पायांस आधार होतो.

मळलेली जागा फिनाइलनें मात्र पुसूं नये, काळ्याहि नाहीं व पांढऱ्याहि नाहीं. त्यांतील फिनॉल जातीच्या द्रव्यांचा निचरा करण्याची शक्ति मांजराच्या यकृतांत फारच थोडी असते. तें फरशीवरून चालतें, मग पाय चाटतें, आणि विष पोटांत जातें. एन्झाइम घातलेलें द्रावण बाजारांत मिळतें, तें वापरावें. वास मुळापासून गेला नाहीं तर मांजर पुनः तेथेंच येतें.

राहिली धास्ती. रंगकाम, पाहुण्यांची वर्दळ, दिवाळीचे फटाके, नवें बाळ, जोडीच्या मांजराचा मृत्यु, अथवा इमारतीच्या पुनर्बांधणीसाठीं झालेलें स्थलांतर, यांपैकीं एकहि गोष्ट पुरते. त्यांत दृष्टि आणि कान मंदावलेले. कित्येकांची बुद्धीहि भ्रमते, आणि मग तीं मध्यरात्रीं उगाच आर्त स्वरानें ओरडूं लागतात. अशा मांजरास एक शांत खोली द्यावी. तेथें त्याच्याच वासाची जुनी गोधडी असावी, आणि खाणें व ट्रे यांत अंतर असावें. जेवणाची वेळ पाळावी, आणि सणाच्या दिवशीं मुलांस तेथें जाऊं देऊं नये. एवढ्यानें भागलें नाहीं तर धास्ती कमी करणारीं औषधें पशुवैद्य देतात, व तीं घेण्यांत कांहींच गैर नाहीं. लघवीत नाक घांसण्याची जुनी शिक्षा मात्र सर्वथा वर्ज्य. तिनें भीति वाढते आणि मांजर अधिक आडोशाची जागा शोधतें. आजोबांस अपरात्रीं उठावें लागलें तर आपण वाटेवर दिवा लावतों, तसाच एक लहान दिवा ट्रेपाशींहि रात्रभर असूं द्यावा.

आणखी एक. सांधे दुखतात असें कळल्यावर घरांतलीच पॅरासिटामॉलची गोळी चुरून दुधांतून देण्याचा मोह एखाद्या दयाळू काकूंस होईल. ती अर्धी काय, पावहि देऊं नये. माणसाला उतार देणारी ती एक गोळी मांजराचा जीव घेऊं शकते.