चर्चच्या फाटकाबाहेरचे आपण

सुटीत कुठे जायचे म्हटले की आपल्या भागातली यादी ठरलेली असते. गायमुख, अंबागड, रामटेक. फार झाले तर नागझिरा. जुने चर्च पाहायचे ते गोव्याला किंवा वसईला गेल्यावर! तुमसर तालुक्याच्या टोकाला, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत असलेल्या बपेऱ्यासारख्या गावातल्या मुलाला तर चर्च ही समुद्राकाठचीच गोष्ट वाटते. पण तुमसर रोडला नागपूरच्या गाडीत बसले की वाटेत कामठी लागते आणि ही समजूत तिथेच गळून पडते.

कामठीची छावणी १८२१ सालची. पलटणी आल्या, त्यांच्यामागून चर्च आले. छावणीतल्या जुन्या चर्चच्या भिंतींवर संगमरवरी पाट्या असतात. त्या मुलांना सावकाश वाचायला लावाव्यात. अशा पाट्यांवर लढाईत पडलेल्यांच्या जोडीला पटकीने आणि तापाने गेलेले विशीतले शिपाई भेटतात, अधिकाऱ्यांची तान्ही मुले भेटतात. साहेबाचे राज्य पाठ्यपुस्तकात वाचणे वेगळे आणि त्या राज्याची घरगुती दुःखे अशी डोळ्यांनी पाहणे वेगळे.

पुढे नागपुरात सदर भागात ऑल सेंट्स कॅथेड्रल आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा वेगवेगळ्या चर्च-परंपरा इथे एकत्र आल्या आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. पंथ फुटल्याच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो. जुळल्याची ही कथा आपल्या दाराशी घडली, पण ती कितीजणांना ठाऊक आहे?

मिशनऱ्यांविषयी अनेकांच्या मनात अढी असते. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपूरला आले ते धर्मप्रसारासाठीच, हे लपवण्याचे कारण नाही. पण याच माणसाने या मुलखातले दगड आणि जीवाश्म अभ्यासले, गोंडांच्या कथा-गीते टिपून ठेवली. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे नाव त्यांचेच.

आणि मराठी कवितेचे काय? १८९३ मध्ये राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने नारायण वामन टिळकांच्या हाती बायबल दिले. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नागपूरहून राजनांदगावला जाणारा लोहमार्ग आपल्या तुमसर रोडवरूनच जातो. त्या एका प्रवासाचे पडसाद पुढे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’पर्यंत पोहोचले. तेव्हा हा इतिहास परक्यांचा म्हणून बाजूला सारता येणार नाही.

पण आपण फाटकाबाहेरच थांबतो. ‘आत गेलेले चालेल का?’ हा संकोच असतो, आणि ‘आपल्याला काय करायचे?’ ही बेफिकिरीही. या दोहोंचा परिणाम एकच. गावाला जी वास्तू आपली वाटत नाही, तिचे छप्पर गळले तरी गाव हळहळत नाही. पाट्यांवरची अक्षरे पुसली जातात आणि त्यांच्याबरोबर आपल्याच जिल्ह्यांच्या इतिहासातली पाने जातात.

वसईच्या १७३९ च्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी आणलेली चर्चची घंटा भीमाशंकरच्या देवळात आहे. भाविकांना तिचे वावडे वाटत नाही. मग चर्चची पायरी चढताना पाय का अडखळावा?

रविवारची उपासना संपू द्यावी. पाळकांना किंवा फादरना विचारावे, हळू आवाजात बोलावे, फोटोआधी परवानगी घ्यावी. कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे आहे ते शेजारी सांगतात. आपली मुले शेजाऱ्याचे देवघर बाहेरूनच पाहत मोठी होणार की आतून, हे अशा एखाद्या रविवारी ठरते.