किरीच्या डबीतली नाळ

मराठी प्रवासवर्णनातला प्रवासी बहुधा मोकळ्या हातांचा असतो. खांद्याला कॅमेरा, सोबत फार तर पत्नी. कडेवर मूल मात्र नसते. पंडिता रमाबाई १८८३ साली दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला निघाल्या हा मोठा अपवाद, पण ती वाट पुढे फारशी रुळली नाही. जपानपुरते बोलायचे तर पुलंच्या ‘पूर्वरंग’ने आपल्याला त्या देशाची गोडी लावली, आणि नंतरच्यांनी तिचा पाठ करून टाकला: स्वच्छता, शिस्त, वेळेवर सुटणारी गाडी, कमरेत वाकून केलेला नमस्कार. यात खोटे काही नाही. पण मूल कडेवर घेतले की हाच देश वेगळ्या बाजूने दिसू लागतो, असे मला वाटते. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत पाच महिन्यांच्या भाचीला घेऊन मी तीन आठवडे टोकियोत हिंडले, त्या बळावर हे लिहिते आहे.

धाकटा भाऊ निशी-कासाईला राहतो. एदोगावा प्रभागातला हा भाग गेल्या पंचवीसेक वर्षांत भारतीय संगणक अभियंत्यांनी गजबजला. मराठी घरातून तिथे गेलेले योगेंद्र पुराणिक जपानी नागरिकत्व घेऊन २०१९ मध्ये याच प्रभागाच्या सभेवर निवडून आले. तेव्हा वस्ती परकी म्हणावी अशी राहिलेली नाही. बाळंतपण परके होते, एवढेच.

आमच्याकडे बारसे बाराव्या दिवशी. तिथला कायदा सांगतो, जन्माची नोंद चौदा दिवसांत झाली पाहिजे. दोन दिवस हाताशी उरले! जालन्यात बसून फोनवरून मी भाचीच्या कानात नाव सांगितले. भावजयीने फोन तिच्या कानाशी धरला होता. आत्याचा मान असा राखला गेला. कार्यालयात मात्र नाव कातकानात लिहून द्यावे लागते आणि त्या लिपीत ‘ळ’ नाही. ‘बाळ’ लिहायला जावे तर ‘बारु’ होते. आमचे जालना ‘जारुना’ होते. ‘जालना, सोन्याचा पालना’ हे तिकडे कोणत्या अक्षरांत सांगायचे?

पुढची गोष्ट नाळेची. गळून पडलेली नाळ इस्पितळाने एका छोट्या डबीत घालून दिली. किरी नावाचे लाकूड फार हलके असते, त्याची ती डबी. जपानी घरांत ती जपून ठेवतात. मुलगी लग्न होऊन निघाली की तिच्या हवाली करण्याचीही चाल आहे. आईने फोनवर विचारले, “नाळ कुठं पुरली?” भाऊ मला म्हणाला, “ताई, चौदाव्या मजल्यावर अंगण कुठून आणू?” आई गप्प झाली. आपल्या भाषेत नाळ मातीला बांधलेली असते. कुठला माणूस, हे सांगायला आपण नाळ पुरल्याची जागा सांगतो. तिकडे ती आईला बांधलेली, आणि म्हणून उचलून नेता येण्याजोगी. घर सोडून गेलेल्यांना कोणती रीत उपयोगाची, हे मला तिथे त्या डबीकडे पाहताना कळले.

कायद्याने मात्र बाळ तिथले नाही. जपानच्या भूमीवर जन्मल्याने नागरिकत्व मिळत नाही. आईबाप परदेशी असतील तर तान्ह्यासाठीही तीस दिवसांत राहण्याच्या परवान्याचा अर्ज करावा लागतो. आणि हा तोच देश, जिथे २०२४ साली जपानी आईबापांच्या पोटी अवघी ६,८६,०६१ मुले जन्मली. नोंदी सुरू झाल्यापासून प्रथमच आकडा सात लाखांखाली आला. पाळणे रिकामे आणि दार किलकिले, असा हा प्रकार आहे.

जपानी शांततेचे आपण इतके गोडवे गातो, की ती कोणाला किती जड जाते हे विचारायचे राहून जाते. गाडीत भाची रडू लागली. कोणी रागाने पाहिले नाही. कोणी पाहिलेच नाही. भावजय आजूबाजूला वाकून ‘सुमिमासेन’ म्हणत राहिली आणि पुढच्या स्थानकावर आम्ही उतरलो. जालन्याच्या बसमध्ये हेच मूल एव्हाना चार मांड्यांवर फिरून आले असते, आणि पाच जणींनी ‘पोट दुखत असेल’ म्हणून उपाय सुचवले असते. तेही कधी नकोसे होते, हे कबूल. पण जपानला स्वतःलाही या शांततेची बोच आहे. गाडीत बाबागाडी घडी न घालता ठेवता येईल, हे तिथल्या सरकारला २०१४ मध्ये खूण ठरवून सांगावे लागले. २०१५ मध्ये टोकियोने गोंगाटाच्या नियमांतून लहान मुलांचे आवाज वगळले. मुलाचा आवाज गोंगाट नव्हे, हे कायद्याने लिहावे लागणे मला दुःखाचे वाटते. लिहिले, हे मात्र आपल्यापेक्षा पुढचे वाटते. स्थानकास्थानकांवरचे उद्वाहक, स्तनपानाची बंद दाराची खोली, कपडे बदलायची फळी हे सारे मी तिथे वापरले. आपल्या बसस्थानकावर बाई पदराआड भिंतीकडे तोंड करून बसते.

आणि प्रवासी बाळे केवळ टोकियोतच नाहीत. दसरा सरला की अंबड, घनसावंगी, मंठ्याकडून कोयत्यांच्या टोळ्या निघतात. ट्रकवर पसाऱ्याच्या बोचक्यांत तान्ही मुले असतात; फडाच्या कडेला लुगड्याच्या झोळीत झोपतात. त्यांच्या प्रवासाला आपण प्रवासवर्णन म्हणत नाही. त्यांच्या आयांसाठी फडावर खोली कोणी बांधलेली नाही, आणि आपण जपानची शिस्त वाखाणतो.

असो. दिवाळीत भाऊ येणार आहे. आईने तुळशीमागची जागा साफ करून ठेवली आहे. भावजय म्हणते, डबी लेकीची, ती द्यायची नाही. मी भावजयीच्या बाजूची आहे, पण आईला अजून सांगितलेले नाही.