टेबल बदललं, खेळणारा तोच

राणी लक्ष्मीबाईंच्या नावाच्या दिल्लीतल्या या वसाहतीत मी एकटाच राहतो. मुलीची दहावी, म्हणून घर पुण्यात. संध्याकाळी ऑफिसातून आलं की चार भिंती आणि मोबाइल. २०२४च्या हिवाळ्यात त्या मोबाइलवर मी पोकर खेळायला लागलो.

सुरुवात छोट्या कॅश टेबलवर. तिथे चिप म्हणजे थेट रुपया, आणि हरलात तर लगेच पुन्हा पैसे भरून बसता येतं. एका रात्री माझ्याकडे दोन एक्के, समोरच्याकडे दोन राजे. अशा वेळी एक्के साधारण पाचातून चारदा जिंकतात. माझ्या वाट्याला पाचवी वेळ आली. पुढचा तासभर मी जसा खेळलो, त्याला पोकरवाले 'टिल्ट' म्हणतात. पिनबॉलचं मशीन कुणी जोरात हलवलं की त्यावर हाच शब्द उजळतो आणि खेळ थांबतो. माणसाचा खेळ थांबत नाही. मी तीनदा पैसे भरले. महिन्यासाठी ठरवलेली रक्कम गेली, वर आणखी तेवढीच.

दोष मी टेबलाला दिला आणि टूर्नामेंटकडे वळलो. तिथे फी एकदाच, चिप्स संपल्या की बाहेर. वाटलं, नुकसानीला आपोआप कुंपण. पण टूर्नामेंटमध्ये सक्तीची बोली ठरावीक वेळाने वाढत जाते, नुसतं थांबून भागत नाही. एक मोठा हात हरलो की मी उरलेल्या चिप्स रागाने पुढे ढकलायचो आणि लगेच दुसऱ्या टूर्नामेंटची फी भरायचो. कुंपण होतं, उडी मीच मारत होतो.

एका रविवारी पुराना किल्ला बघायला गेलो. पांडवांचं इंद्रप्रस्थ ते हेच, अशी परंपरा. पहिल्या द्यूतात धर्मराज एकेक पण लावत राज्य, भाऊ, स्वतः आणि शेवटी द्रौपदीपर्यंत पोहोचला. धृतराष्ट्राने सगळं परत दिलं. तरी पुन्हा बोलावणं आल्यावर तो गेलाच. या वेळी खेळाची रीत वेगळी: एकच डाव, हरणाऱ्याला १२ वर्षं वनवास आणि १ वर्ष अज्ञातवास. टेबल बदललं, खेळणारा तोच.

खडकवासल्याला बॉक्सिंगमध्ये नाकावर ठोसा बसला की नवा कॅडेट डोळे मिटून हात फिरवायचा आणि आणखी चार ठोसे खायचा. उस्ताद ओरडायचे, 'गार्ड ऊपर!' हिशेब नंतर, आधी गार्ड. हे मला चाळिशीनंतर पुन्हा शिकावं लागलं.

मग नियम कागदावर लिहिला, डोकं शांत असताना. गोळी सुटल्यावर कुणी योजना आखत नाही. रात्रीत एकदाच पैसे भरायचे. ते गेले की फोन घरात ठेवून आयएनए मेट्रोपर्यंत चालून यायचं. आणि हरलेला आकडा बायकोला सांगायचा. तिसरं कलम सगळ्यात अवघड गेलं, आणि उपयोग त्याचाच झाला.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले. माझ्या मते योग्यच केलं. पण टिल्ट कायद्याने बंद होत नाही, तो दुसरं टेबल शोधतो. मागच्या महिन्यात माझ्या जुन्या युनिटच्या एका हवालदारांचा फोन आला. निवृत्तीची रक्कम हातात, रमी बंद झाली, म्हणून आता शेअर बाजारात ऑप्शन्स. सेबीच्या सप्टेंबर २०२४च्या अभ्यासानुसार तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या १०० सामान्य गुंतवणूकदारांपैकी ९३ तोट्यात गेले, सरासरी सुमारे २ लाख रुपयांनी.

"साहेब, एकदा रिकव्हर झालं की बंद करतो," ते म्हणाले.

हे वाक्य मला पाठ होतं. निवृत्तीआधी आपण जवानाला पेन्शनची कागदपत्रं समजावतो. या वाक्याबद्दलही कुणीतरी तासभर बोललं पाहिजे, आणि बोलणारा स्वतः हरलेला असेल तर उत्तम.

मी त्यांना उपदेश केला नाही. माझा आकडा सांगितला. पलीकडे बराच वेळ शांतता.

"साहेब, घरी सांगू?"

"आजच सांगा," मी म्हटलं. "जेवायच्या आधी."