फी भरणाऱ्याचं न्यायालय

डोमेन नेमच्या वादात मोठ्या कंपन्यांचे वकील असा काही गळा काढतात, की जगातला सगळ्यात गांजलेला प्राणी म्हणजे ट्रेडमार्कचा मालक असं वाटावं. मला हे रडगाणं ऐकवत नाही.

दुसऱ्याचं नाव लाटणारे महाभाग आहेत, हे मान्य. वेबसाइटच्या नावांचा जागतिक कारभार बघणाऱ्या आयकॅन या संस्थेनं १९९९मध्ये ‘यूडीआरपी’ ही वाद मिटवण्याची पद्धत आणली, ती त्यांच्यासाठीच. तिच्याखालचा पहिला निकाल जानेवारी २०००मधला. वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनचं नाव एका पठ्ठ्यानं नोंदवलं आणि तीनच दिवसांत हजार डॉलरला त्यांनाच विकायला काढलं. काढून घेतलं त्याच्याकडून, बरं झालं. असल्या आयत्या बिळावरच्या नागोबांसाठी मी टिपूस गाळणार नाही.

पण पुढची बांधणी बघा. तक्रार कुठल्या संस्थेपुढे न्यायची ते तक्रारदार ठरवतो आणि फीही तोच भरतो. मग संस्थेचं गिऱ्हाईक कोण, हे सांगायला ज्योतिषी नको. निकाल देणाऱ्या पंचांतले अनेक जण ट्रेडमार्कचेच वकील. अशीच एक संस्था म्हणजे जिनिव्याची वायपो, जागतिक बौद्धिक संपदा संघटना. तिच्याकडे एका पंचापुढच्या साध्या प्रकरणाला १,५०० डॉलर पडतात. एकावर भरवसा नाही, तीन पंच हवेत, असं प्रतिवादी म्हणाला, तर ४,००० डॉलरमधले निम्मे त्यानं मोजायचे! उत्तराला मुदत २० दिवस. कामकाज सहसा नोंदणी कराराच्या भाषेत. म्हणजे इचलकरंजीत बसून स्वतःच्या आडनावाचं डॉट कॉम घेतलेल्या माणसानं कायद्याच्या इंग्रजीत बाजू मांडायची. वर त्याला ऐकवायचं, की बाबा रे, तू हे कबूल केलं होतंस. कधी? तर नाव घेताना न वाचता करारावर टिक केलीस, तेव्हा.

बार्सिलोना डॉट कॉमचं काय झालं ते वाचा. एका स्पॅनिश जोडप्यानं ते १९९६मध्ये नोंदवलं. शहराची पर्यटनमाहिती देण्याचा बेत होता. नगरपालिकेकडे ‘बार्सिलोना’ शब्द असलेल्या ट्रेडमार्कांची चळत होती. २०००मध्ये वायपोच्या एकट्या पंचानं नाव उचलून नगरपालिकेच्या पदरात टाकलं. जोडप्याच्या कंपनीनं अमेरिकेत दावा लावला. खालच्या कोर्टात हरली. २००३मध्ये अपिलात निकाल फिरला: गावाचं नुसतं नाव अमेरिकी कायद्यानं कुणाची मालमत्ता होत नाही. एवढं साधं कळायला तीन वर्षं आणि दोन न्यायालयं लागली. इतका दम कितीजणांकडे असतो? यूडीआरपीत हरलेल्याला कोर्टात जायला कामकाजाचे दहा दिवस मिळतात. तेवढ्यात वकील सापडला तरी नशीब.

माझा खरा राग पुढच्या गोष्टीवर आहे. तक्रारदारानंच लबाडी केली, दुसऱ्याचं हक्काचं नाव हडपायला ट्रेडमार्क पुढे केला, हे पंचाला स्वच्छ दिसलं तर शिक्षा काय? निकालपत्रात तशी नोंद. दंड नाही, प्रतिवादीच्या वकिलाचा खर्च भरून देणं नाही. उलट प्रतिवादी हरला तर त्याचं नाव जातं, धंद्याचा पत्ता जातो, त्याच पत्त्यावरचा ईमेलही जातो.

माझी मागणी साधी आहे. तक्रारीबरोबर घसघशीत अनामत घ्या आणि लबाडी सिद्ध झाली की ती प्रतिवादीला द्या. आपल्याकडे ग्रामपंचायतीला उभा राहणारा उमेदवारही अनामत भरतो. अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या कंपनीला ती परवडत नसेल, तर तिनं तसं आपल्या ताळेबंदात छापून दाखवावं.