दुखणे एकच, पण घर कोणाचे?

‘वेड काही गरीब-श्रीमंत पाहून येत नाही,’ असे आपण मोठ्या शहाणपणाने म्हणतो. येताना ते काय पाहते, हा वाद डॉक्टरांनी घालावा. आल्यानंतर माणसाचे काय व्हायचे, हे मात्र त्याची ऐपत आणि त्याचे घर ठरवते, हे उघड्या डोळ्यांनी दिसते.

कानांत नसलेले आवाज येतात, घरच्यांचाच संशय येतो, मनाची घडी विस्कटते. सुस्थितीतल्या घरात याला ‘जरा नर्व्हस झाला आहे’ म्हणतात. मग खाजगी डॉक्टर, हवापालट आणि वडिलांच्या पेढीवर बिनबोभाट एक खुर्ची! हमालाच्या मुलाला हेच झाले की तो सरळ ‘वेडा’. रोजंदारी बुडते, भाड्याची खोली जाते आणि गल्लीतली पोरे दगड मारतात. रोग एकच, पण एकाला तो आजारपण ठरतो, दुसऱ्याला जन्मठेप.

हे केवळ आपल्याच देशाचे पाप नव्हे. अमेरिकेतील न्यू हेवन शहराच्या पाहणीवर हॉलिंग्जहेड आणि रेडलिक यांनी १९५८ साली ग्रंथ लिहिला. वरच्या थरातील रोग्याशी डॉक्टर बोलत बसतो आणि तळचा रोगी सरकारी इस्पितळात वर्षानुवर्षे पडून राहतो, असे तेथे दिसले.

यावर आमचे उत्तर तयारच असते : ‘आमच्याकडे कुटुंब आहे!’ जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांत स्किझोफ्रेनियाची पाहणी केली, तेव्हा आग्र्याचे रोगी श्रीमंत देशांतल्या रोग्यांहून अधिक सावरलेले आढळले, हे खरे. त्याचे श्रेय अनेकांनी कुटुंबाला दिले. पण हे कुटुंब सर्वांना सारखे पावते काय? मुलाला भास होऊ लागले की ‘लग्न करा, सुधारेल’ म्हणून एखादी गरिबाघरची पोर, तिला काही न सांगता, त्याच्या गळ्यात बांधायची. आणि सुनेला तेच झाले की तिची ट्रंक माहेरी धाडायची! ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांत बरी होऊनही न्यायला कोणी न आल्याने राहिलेली माणसे कोणाच्या कुटुंबातली?

घर नाही किंवा घरच्यांनी नाकारले, एवढ्याच कारणाने कोणाला इस्पितळात ठेवता येणार नाही, असे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. कायदा उत्तम आहे. पण कायदा भाड्याने खोली देत नाही की कामावर ठेवत नाही. औषध हवेच. परंतु उपाशी पोटी, फुटपाथवर, कोणाशी बोलणे नसताना ती गोळी एकटी काय करणार?

तेव्हा सरकारने औषधाबरोबर निवारा आणि रोजगार द्यावा. मालकाने बरा झालेला कामगार परत घ्यावा. आणि ज्या घरात असे माणूस आहे, त्या घराने यंदा फराळाचे ताट बंद खोलीत सरकवू नये. त्याचा पाट पंगतीत मांडावा. एवढे केल्यावर मग खुशाल सांगावे, आमच्याकडे कुटुंब आहे!