सोवळे उंबरठ्यापाशीच थांबते

भोपाळच्या बाग सेवनियासारख्या समुद्रापासून दूरच्या वस्तीत स्थिरावलेली आपली कुटुंबे एक वेळ गाव विसरतील, पण खुब्यांचे सुके विसरणार नाहीत. हा मोह आम्हांसही आहे; म्हणून निषेधाची भाषा आम्ही बोलत नाही. मात्र ‘खुबे बरे धुयल्यात’ या एका वाक्यावर आपण जो विश्वास टाकतो तो निराधार आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गोव्यातील नद्यांच्या वरच्या अंगाला, जेथे खारेपण थोडे असते व पावसाळ्यात पाणी जवळजवळ गोडेच होते, तेथील चिखलात खुबा वाढतो. तो पाणी आत ओढतो, त्यातील सूक्ष्म अन्न ठेवून घेतो आणि उरलेले बाहेर सोडतो. अन्नाबरोबर मैल्यातील जंतूही साठतात. घाण शिंपेला चिकटलेली नसून पोटात असते. नळाखाली कितीही घासा, जातो तो चिखल. परातीत रात्रभर भिजत घालणेही तितकेच फोल: साचलेल्या पाण्यात तो एक तर तोंड मिटून बसतो, नाही तर टाकलेली घाणच पुन्हा आत घेतो.

हा बागुलबुवा नव्हे. १९०२ साली इंग्लंडात विंचेस्टर व साउदॅम्प्टन येथील मेजवान्यांत एम्सवर्थची कालवे खाल्ली गेली, विषमज्वर पसरला आणि विंचेस्टरचे डीनही दगावले. गावची गटारे कालवांच्या जागेपाशीच सोडलेली होती. १९८८ साली शांघायमध्ये अर्धकच्च्या शिंपल्यांमुळे सुमारे ३ लाख लोकांना कावीळ झाली.

यावर उपाय आहेत. युरोपात १०० ग्रॅम मांसात ई. कोलायचे प्रमाण २३० च्या वर गेले तर माल थेट विकता येत नाही. तो निर्जंतुक केलेल्या वाहत्या पाण्याच्या टाक्यांत ठेवतात. इंग्लंडात निदान ४२ तास. काविळीचे विषाणू मात्र टाकीलाही सहज दाद देत नाहीत. तेव्हा अखेरची भिस्त अग्नीवरच. शिंप उघडली म्हणजे मांस शिजले असे नव्हे. उघडल्यावर आणखी ३ ते ५ मिनिटे खळखळ उकळावे, न उघडलेली टाकून द्यावी.

पण सारा भार चुलीवर टाकून मोकळे होणे आम्हांस मान्य नाही. पाटीवाली नदी जे देते तेच विकते. दोष तिचा नाही. आपण देवळात पाय धुऊन शिरतो, सोवळ्यात नैवेद्य रांधतो. मात्र अग्रशाळेचे व आपल्या घरांचे सांडपाणी कोणत्या ओहोळाला मिळते, हा प्रश्न महाजनांच्या सभेत निघत नाही. जी नदी आपण तीर्थ म्हणून मस्तकी लावतो तिच्यातच मैला सोडतो, आणि तोच खुब्यांतून आपल्या पानात परत येतो. याला शुचिता म्हणावयाचे काय?

जो न्याय मांडवीला, तोच भोपाळच्या मोठ्या तलावाला. २००२ साली त्यास रामसर यादीत मानाचे स्थान मिळाले. पण शिंपला मानपत्र पाहत नाही, पाणी पाहतो. शहराच्या तळ्यांतील शिंपल्यांना, गावाची आठवण कितीही दाटून आली तरी, कोणी हात लावू नये.

प्रत्येक देवस्थान समितीने आपल्या सांडपाण्याचा हिशेब पुढील सभेपुढे ठेवावा, ही आमची मागणी आहे. तो ठेवला जात नाही तोवर सोवळ्याची थोरवी आम्हांस कोणी सांगू नये.