चाळीस दिवसांचे बेट

व्हेनिसला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे दोनच प्रश्न विचारतात. गोंडोलात बसलात का, आणि पाण्याला वास येतो का? पहिल्याचे उत्तर, नाही. भाडे ऐकूनच मागे फिरलो. दुसऱ्याचे उत्तर, मी मे महिन्यात गेलो होतो तेव्हा फारसा आला नाही. डॉक्टर असूनही प्रकृतीविषयी मला कोणी काही विचारले नाही, म्हणून ते मीच आधी सांगून टाकतो.

समुद्राकाठच्या उथळ खाडीत लहान लहान बेटे पुलांनी जोडून वसलेले हे शहर आहे. जुन्या शहरात मोटार नाही, रिक्षा नाही, सायकलसुद्धा नाही. चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेक पुलांना पायऱ्या. आपल्या सहल कंपन्यांच्या गाड्यांत साठी ओलांडलेली मंडळीच जास्त. त्यांना 'अर्धा दिवस व्हेनिस' म्हणून सांगतात, पण त्या अर्ध्या दिवसात जेजुरी चढून आल्याइतकी दमणूक होते. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी निघण्यापूर्वी महिनाभर रोज पाऊण तास चालण्याचा आणि जिना चढण्याचा सराव करावा. नवे बूट तिथे जाऊन पहिल्यांदा घालू नयेत. मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. चौकाचौकात पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, बाटली भरून घ्यावी. लघवीला जागा मिळणार नाही म्हणून पाणीच न पिणाऱ्या भगिनींना माझी हात जोडून विनंती आहे की, पैसे मोजून स्वच्छतागृहात जा, पण पाणी प्या. आणि तिथे कोणाला बरे वाटेनासे झाले, तर रुग्णवाहिका येते ती बोटीची. सरकारी रुग्णालयाचे प्रवेशद्वार पंधराव्या शतकातल्या संगमरवरी वास्तूचे आहे. प्रवासी देऊळ समजून त्याचे फोटो काढतात आणि आतून पलंगावर रुग्ण बाहेर येतो.

असो. हा झाला तब्येतीचा भाग. खरा मुद्दा निराळा आहे.

व्हेनिसच्या गल्लीगल्लीत मुखवट्यांची दुकाने आहेत. त्यांत लांब चोचीचा एक मुखवटा हमखास दिसतो. तो प्लेगच्या डॉक्टरचा. रोग दूषित हवेने होतो अशी समजूत होती, म्हणून चोचीत सुगंधी औषधी भरत. आमच्या गटातल्या दोघा-तिघांनी तो नातवंडांसाठी घेतला. पण ज्या रोगापायी तो मुखवटा निघाला, त्या रोगाशी या शहराने काय केले, हे अर्ध्या दिवसाच्या सहलीत कोणी दाखवत नाही. मी दुसऱ्या दिवशी गट सोडून सार्वजनिक बोटीने ते पाहून आलो.

१४२३ साली व्हेनिसच्या राज्याने खाडीतले एक बेट प्लेगच्या रुग्णांसाठी राखून ठेवले. तेच लाझारेत्तो वेक्यो. १४६८ मध्ये दुसऱ्या बेटावर लाझारेत्तो नुओवो सुरू केले, संशयित जहाजांवरची माणसे आणि माल थांबवून ठेवण्यासाठी. मुदत साधारण चाळीस दिवसांची. त्यांच्या भाषेत चाळीस म्हणजे 'क्वारांता', त्यावरून आपला 'क्वारंटाइन' आला. (आपल्या बाळंतिणीचा सव्वा महिनाही चाळीस दिवसांच्या जवळपासच जातो. चाळिसाच्या आकड्यावर माणसाचा विश्वास जुना दिसतो.)

मी गेलो ते नुओवो. शंभर मीटरहून लांब असे कोठार अजून उभे आहे. इथे लोकर, कापड उघडे टाकून हवा देत आणि सुवासिक झाडपाल्याची धुरी देत. खोळंबलेल्या व्यापाऱ्यांनी व हमालांनी भिंतीवर तांबड्या रंगाने कुठून आलो, काय माल आणला ते लिहून ठेवले आहे. प्रवाशांच्या खोल्या वेगवेगळ्या, प्रत्येकीला आपली चूल, आपले धुराडे. एकाने दुसऱ्याच्यात मिसळू नये, पण उपाशीही राहू नये, अशी ती योजना होती. रोगाचा जंतू हाँगकाँगमध्ये सापडला १८९४ साली आणि तो उंदरांवरच्या पिसवा पसरवतात हे कराचीत काम करणाऱ्या सिमाँ यांनी दाखवले १८९८ साली. म्हणजे व्हेनिसवाल्यांची समजूत चुकीची होती, पण कापडाची गासडी संशयाने पाहण्याची सवय बरोबर होती.

मला मोलाची वाटली ती हिशेबाची बाजू. या बेटांच्या बांधकामाचा आणि तिथल्या माणसांच्या पगाराचा खर्च सरकारचे मिठाचे खाते करीत असे. गरीब रुग्णाच्या अन्नाचा आणि औषधपाण्याचा भारही राज्यावर होता. लोकांच्या भल्यासाठी तुला दूर ठेवतो, तर तुझ्या पोटाचे आम्ही बघतो, असा तो व्यवहार होता.

तिथे सगळे गोड होते असे नाही. १५७६ मध्ये पादुआ विद्यापीठाच्या नामवंत प्राध्यापकांना, त्यांत व्यायामशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिणारे मेर्क्युरिआले होते, सल्ल्यासाठी बोलावले. हा खरा प्लेग नव्हे, असे त्यांनी ठणकावून सांगितले. व्यापार बंद पडायला नको असलेल्यांना ते पटले, आणि साथ भडकली. १५७५ ते १५७७ या साथीत शहराची चौथाई वा त्याहून अधिक माणसे गेली. वेक्यो इतके भरले की त्या काळच्या एका लेखकाने त्याला नरकाची उपमा दिली. त्या बेटावर अलीकडच्या उत्खननात दीड हजारांवर सांगाडे सापडले. १६३०ची साथ ओसरल्यावर बांधलेले मोठे घुमटाचे चर्च आज प्रत्येक चित्रात दिसते. त्याच्या नावातला 'सालूते' म्हणजे आरोग्य. दर वर्षी २१ नोव्हेंबरला शहरातले लोक तिथे मेणबत्ती लावायला जातात.

आता आपल्याकडे या. १८९६ मध्ये मुंबईत, तीही मूळची बेटांचीच, प्लेग आला. हाफकिन यांनी लस करून १८९७ च्या जानेवारीत स्वतःला टोचून घेतली. पण सरकारने माणसे ओढून नेण्याचा मार्ग धरला. १८९६च्या ऑक्टोबरातच गिरणी कामगारांनी मुंबईच्या आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. पुण्यात गोरे सोजीर घरात घुसले आणि त्याचा शेवट २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडण्यात झाला. त्याच पुण्यात त्याच वर्षी सावित्रीबाई फुले प्लेगचे रुग्ण आपल्या डॉक्टर मुलाच्या दवाखान्यात स्वतः नेत होत्या. त्यांनाही लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. रुग्णाला वेगळे दोघांनीही केले. एकाच्या दारात लोक लपून बसले, दुसऱ्याच्या दारात लोक आपण होऊन गेले. फरक कुठे होता, हे मी वाचकांना सांगण्याची गरज नाही.

२०२०मध्ये व्हेनिसचा कार्निव्हल २३ फेब्रुवारीला, मुदतीआधी दोन दिवस थांबवावा लागला. पुढच्या काही आठवड्यांत आपल्याकडे हातावर शिक्के मारले गेले, गावाच्या वेशीवर काट्या टाकल्या गेल्या. मुंबईहून परतलेल्या आपल्याच पोराला शाळेच्या खोलीत ठेवले. काही गावांनी त्याला दोन वेळचा डबा नेऊन दिला, काहींनी पाठ फिरवली. ज्या गावांनी डबा दिला तिथली माणसे ताप लपवत नव्हती, हे मी त्या दिवसांत आमच्या भागात पाहिले आहे.

हे आज उगाळण्याचे कारण क्षयरोग. माझ्याकडे येणारे एक गृहस्थ क्षयाची औषधे गावच्या केंद्रातून न घेता परतालुक्यात जाऊन घेत. मुलीचे लग्न ठरायचे होते. बस चुकली की डोस चुके. असे चुकलेले डोस पुढे औषधाला दाद न देणारा क्षय निर्माण करतात, आणि तो मग घरात सगळ्यांना वाटला जातो. साध्या क्षयात औषधे नीट सुरू झाल्यावर सुमारे दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका बराच उतरतो. ताट-वाटीतून हा रोग पसरत नाही, तो खोकल्यातून हवेत जातो. म्हणून ताट वेगळे करण्यापेक्षा खिडक्या उघडा. उपचार चालू असेतो सरकार पोषणासाठी रुग्णाच्या खात्यात महिना एक हजार रुपये देते. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते पाचशे होते. नाव नोंदवल्याशिवाय ते मिळत नाहीत, आणि शेजारी काय म्हणतील या भीतीने कित्येक जण नावच नोंदवत नाहीत. आपल्या ओळखीत असे कोणी असेल, तर त्यांना पहिल्या खेपेला आरोग्य केंद्रापर्यंत सोबत करा. दोन आठवड्यांहून जुना खोकला असणाऱ्यांची थुंकी तिथे मोफत तपासतात.